अर्थात शिरायचं नाही

सरांच्या घरात शिरायचं तर वाकावं लागे. आदराने नव्हे, वाकला नाहीत तर गळ्याला दोरी लागायची. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांनी नायलॉनच्या आठ दोऱ्या ताणून बांधल्या होत्या, त्याही मुलांचे हात पोचतील अशा खाली. प्रत्येक दोरी इंग्रजीतल्या एका शब्दजातीची. खिडकीशी पहिली नाउनची, मग प्रोनाउनची, मग अ‍ॅडजेक्टिव्ह, व्हर्ब, अ‍ॅडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी शेवटची इंटरजेक्शनची. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर शब्द लिहिलेले, आणि ते कपडे वाळत घालायच्या प्लॅस्टिकच्या चिमट्यांनी आपापल्या दोरीला लटकवलेले. नाउनला लाल चिमटा, व्हर्बला हिरवा, अ‍ॅडव्हर्बला पिवळा. चिमट्यांच्या पाकिटात सातच रंग निघाले, म्हणून इंटरजेक्शनच्या वाट्याला काकूंच्या केसांच्या पिना आल्या.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. बोरिवलीला आमच्याच बिल्डिंगमध्ये हे कुटुंब चौथ्या मजल्यावर राहायचं, आम्ही दुसऱ्या. त्यांच्या फ्लॅटला बाल्कनी होती, पण दोऱ्या लांब हव्यात म्हणून सरांनी ती हॉलमध्ये घेऊन टाकली. त्यामुळे सबंध बिल्डिंगमध्ये सर्वांत जास्त दोऱ्या ज्या घरात होत्या, त्याच घरात धुणं वाळत घालायला जागा नव्हती. पिळलेले कपडे बादलीत पडून राहत आणि काकू वर्ग सुटायची वाट बघत बसत. फक्त इंटरजेक्शनच्या दोरीवर दोनचारच शब्द असायचे, तेव्हा तिथे त्यांनी हळूच शिरकाव केला होता. ‘हुर्रे’ आणि ‘अलास’ यांच्यामध्ये सरांचं बनियन वाळत असायचं. सरांनी ते कधी पाहिलं नसावं, कारण बनियनवर काही लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी वर्ग भरला की सर फळ्यावर एक वाक्य लिहायचे. आम्ही त्यातला एकेक शब्द सुटा करून ज्याच्या त्याच्या दोरीवर नेऊन टांगायचा, की वाक्य संपलं. फळा पुसायचा आणि दुसरं घ्यायचं. वाक्यात काय म्हटलंय हे विचारायची सोय नव्हती. ‘अर्थात शिरायचं नाही’ हे सरांचं ब्रीद होतं, आणि ते इतक्या काळजीने म्हणायचे की अर्थ म्हणजे झाकण नसलेलं गटार आहे आणि आम्ही पोरं त्यात पडणार आहोत असं वाटावं. एकदा वाक्य आलं, म्हातारा खुर्चीत बसल्या बसल्या मेला. माझ्या शेजारच्या मुलीने विचारलं, सर, कशाने मेला? सर म्हणाले, म्हातारा नाउन आहे, नाउनचं पुढे काय झालं ते बघणं आपलं काम नाही. मग म्हाताऱ्याला लाल चिमटा लागला, मरण्याला हिरवा आणि खुर्चीला परत लाल. पुढे कितीतरी दिवस तो म्हातारा खिडकीपाशी आपल्या खुर्चीशेजारी लोंबकळत होता आणि त्याच्या घरच्यांचं काय झालं असेल या विचाराने माझं वर्गात लक्ष लागत नसे.

हे सगळं वर्गापुरतं राहिलं असतं तरी ठीक होतं. पण सर भाजीला निघाले तरी दुकानाच्या पाट्यांमधले शब्द ओळखत चालायचे, आणि बरोबर कोणी विद्यार्थी सापडला तर त्यालाही ओळखायला लावायचे. एकदा मी शाळेतून येत होते, तर सर खाली लिफ्टपाशी उभे. दोन्ही हातांत पिशव्या. लिफ्टच्या दारावर सोसायटीने इंग्रजीत कागद चिकटवला होता की लिफ्ट बंद आहे. सरांनी मला थांबवलं आणि कागदावरचा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक शब्द विचारला. मी सगळे बरोबर सांगितले. सर खूश झाले, शाब्बास म्हणाले, आणि मग त्यांनी पिशवी खाली ठेवून लिफ्टचं बटण दाबलं. आम्ही दोघंही बराच वेळ लिफ्टची वाट बघत उभे होतो. शेवटी वॉचमन आला आणि त्याने हिंदीत सांगितलं तेव्हा आम्ही जिन्याकडे वळलो.

पालकांचा मात्र सरांवर फार विश्वास. आपल्या पोराला इंग्रजी आलं की तो अंधेरीतल्या काचेच्या ऑफिसात बसणार, असं आमच्या भागातल्या प्रत्येक घरात धरून चाललेलं असतं, आणि ज्या मास्तराचं आपल्याला काहीच कळत नाही तो मास्तर हुशार, हेही धरून चाललेलं असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणच्या काकींनी तेवढं एकदा धाडस केलं. “सर, माझो झील इंग्लिश बोलूक कधी लागतलो?” सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “बोलणारे रस्त्यावर ढीगभर आहेत, वहिनी. ओळखणारे किती आहेत ते सांगा.” काकींना ते इतकं पटलं की त्यांनी धाकट्या मुलीचंही नाव घातलं.

सर स्वतः इंग्रजी बोलायचे का? आमच्यापैकी कोणी ऐकलेलं नाही. पुस्तकातली वाक्यं ते खणखणीत वाचायचे. पण कुरिअरवाल्याने इंग्रजीत दोन शब्द विचारले तर ते दार अर्धवट लावून काकूंना हाक मारायचे, आणि काकू येऊन मराठीत सही कुठे करायची ते विचारायच्या.

परीक्षेत शब्दांच्या जाती ओळखायच्या त्या एका प्रश्नाला आम्हा सगळ्यांना पूर्ण गुण मिळायचे, हे मान्य करायला हवं. निबंधात आमची वाट लागायची, पण निबंध लिहायचा तर अर्थात शिरावं लागतं. त्याचं फळ मला अंधेरीच्या ऑफिसात मिळालं. परदेशातल्या क्लायंटशी माझा पहिला कॉल होता. तो गोरा माणूस पलीकडून भराभर बोलत होता आणि माझ्या डोक्यात लाल, हिरवे, पिवळे चिमटे खटाखट लागत होते. एकही शब्द सुटला नाही. तो बोलायचा थांबला तेव्हा त्याची सगळी वाक्यं मी दोऱ्यांवर टांगून मोकळी झाले होते आणि तो काय म्हणाला याचा मला पत्ता नव्हता. तो हॅलो हॅलो करायला लागला. शेजारी बसलेला टीम लीडर पुटपुटला, “अरे यार, बोल ना काहीतरी.” पुढे मी बोलायला शिकले ती ऑफिसच्या कँटीनमध्ये, चुका करत आणि हसं करून घेत. सरांकडे शिकलेलं विसरायलाच अर्धा वेळ गेला.

सरांची मुलगी मुग्धा माझी मैत्रीण. तिने मात्र शाळेत असतानाच एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून द्यायची कला कमावली होती, म्हणून ती तरली. नोकरीसाठी कॅनडाला गेली आणि तिथल्याच एका पंजाबी मुलाशी तिने लग्न ठरवलं. सर शब्दांच्या जातींबद्दल जितके कडक तितके माणसांच्या जातींबद्दल ढिले होते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. फक्त इंग्रजीत छापलेली लग्नपत्रिका पेन घेऊन पुरी केली, म्हणजे प्रत्येक शब्दाखाली त्याची जात लिहिली, आणि ती व्याह्यांना पाठवली. व्याह्यांना ती आपल्याकडची काही शुभ पद्धत वाटली असं मुग्धा सांगते.

मुग्धाच्या घरात मराठी आणि पंजाबी दोन्ही मागे पडल्या आणि तिची मुलगी तारा फक्त इंग्रजी बोलायला लागली. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल यायचा. तारा काहीतरी लांबलचक सांगायची आणि काकू हसायच्या. ती रडत असली तरी हसायच्या, कारण कशाला रडतेय ते कळायचं नाही. मुग्धा थोडा वेळ दोन्हीकडचं सांगायची, मग तिचं दूध उतू जायला यायचं आणि ती उठायची, की आजी आणि नात स्क्रीनवर एकमेकींकडे नुसत्या बघत राहायच्या.

मग मुग्धाला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि तिने आईला बोलावलं. बाळंतपणाला ये आणि नंतरही राहा. काकूंना जायचं होतं. फार जायचं होतं. मला त्यांनी कपाटातली बॅग दाखवली, बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांनी ती आधीच अर्धी भरली होती. पण विमानतळावर काय बोलायचं आणि नातीशी काय बोलायचं, याने त्यांचा जीव घाबरा व्हायचा. तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याकडे शिकवणी मागितली. म्हणाल्या, मला इंग्रजी शिकवा.

सरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी काकूंना नाउनच्या दोरीपाशी उभं केलं. दुपारी जेवणं झाली की हातात पुठ्ठे घेऊन साठी उलटलेली ती बाई दोऱ्यांखालून वाकत फिरायची. टेबल लाल, धावणे हिरवा. चुकलं की सर सगळे पुठ्ठे काढून परत हातात द्यायचे. बोलायचं कधी, असं काकूंनी विचारलं की सरांचं उत्तर ठरलेलं: आठही दोऱ्या पक्क्या झाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, तिथे जाऊन माझी शोभा करशील. मला हे ऐकून त्या माणसाचा राग आला. बायकोने मुलीच्या बाळंतपणाला जायचं की नाही हे प्रिपोझिशन ठरवणार? मी काकूंना म्हटलं, माझ्याकडे या, महिन्याभरात बोलायला लावते, चुकीचं बोला पण बोला. काकू म्हणाल्या, “ह्यांचं आधी पूर्ण होऊ दे गं. वाईट वाटेल.” मला तर वाटतं सरांना काकूंच्या इंग्रजीची काळजी नव्हतीच. चहा कोण देणार याची होती, आणि ते म्हणायला त्यांच्याकडे कुठलीच दोरी नव्हती.

वाट बघून बघून शेवटी मुग्धाच आली, सातव्या महिन्याच्या आधी विमानात बसू देतात तोवर, ताराला घेऊन. आईला बरोबरच घेऊन जायचं असं ठरवून आली होती. सरांनी नातीला मांडीवर घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, नाउन म्हणजे काय? ताराला माहीत नव्हतं. व्हर्ब? तेही नाही. सात वर्षांची पोर, इंग्रजीत भांडायची, इंग्रजीत गायची, झोपेत इंग्रजीत बरळायची. सरांनी संध्याकाळी मला जिन्यात गाठून खालच्या आवाजात सांगितलं, “नाउन कशाशी खातात ते माहीत नाही. इंग्रजी फारच कच्चं आहे तिचं.” मी हसले, पण ते चेष्टा करत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ताराला वर्गात बसवलं, तेही लहान गटात.

त्या वर्गात पहिल्यांदाच कोणीतरी इंग्रजी बोलत होतं, आणि बाकीची सगळी मुलं तिच्याकडे टकामका बघत होती. ती पाणी मागायची तर कोणी देईना. सर तिला हळू आवाजात दटावायचे की वर्गात बोलायचं नाही, आणि तेही मराठीत, म्हणजे तिला कळायचं नाही.

निघायचे दिवस जवळ आले तरी काकूंचं ठरेना. अ‍ॅडव्हर्ब अजून डळमळीत आहेत, असं सरांचं मत पडलं होतं. अशाच एका संध्याकाळी मी आणि मुग्धा बाजारातून परत आलो. दार उघडंच होतं. वर्ग भरलेला, काकू स्वयंपाकघराच्या दारात, आणि सगळे ताराकडे बघत होते. तिने दोऱ्यांखालून इकडेतिकडे पळत तीन पुठ्ठे काढले होते, हिरव्या चिमट्याचा एक, प्रिपोझिशनचा एक, प्रोनाउनचा एक, आणि ते तिन्ही एका ओळीत इंटरजेक्शनच्या दोरीवर, बनियनच्या शेजारी लावले होते. कम विथ मी. आजी हा शब्द सरांच्या पुठ्ठ्यांत नव्हता. म्हणून तिने काकूंचा पदर ओढून आणला, ओळीच्या शेवटी चिमट्याने दोरीला अडकवला आणि मान वर करून आजीकडे बघत उभी राहिली.

त्या घरात इतक्या वर्षांत वाक्यं मोडलेलीच पाहिली होती सगळ्यांनी. जोडलेलं पहिल्यांदाच दिसत होतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पदर अडकलेला असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं.

सर पुढे झाले. “सगळं मिक्स करून टाकलंस,” ते म्हणाले. पदराचा चिमटा काढून त्यांनी खिशात टाकला, तीन पुठ्ठे काकूंच्या हातात दिले आणि म्हणाले, चल, लाव बरोबर.

मुग्धा दारातूनच म्हणाली, “बाबा, ती आईला काहीतरी विचारतेय.”

“अर्थात शिरू नकोस, मुग्धा,” सर म्हणाले.

काकूंनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग त्या दोऱ्यांखालून वाकत गेल्या आणि तिन्ही पुठ्ठे ज्याच्या त्याच्या जागी लावून आल्या. एकही चूक झाली नाही. सरांनी टाळी वाजवली, मुलांना वाजवायला लावली आणि जाहीर केलं की काकू पास. तारा अजून तशीच उभी होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे हे कोणाच्या लक्षात येतंय का ते ती बघत होती. मुग्धाने येऊन तिला उचललं, त्या अवस्थेत उचलायला नको होतं तरी उचललं, आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. आठवड्याने त्या दोघीच परत गेल्या.

मी त्यानंतर काही दिवस वर गेले नाही. सर समोर आले असते तर मी काय बोलले असते याचा मलाच भरवसा नव्हता. मग एके संध्याकाळी जिन्यात सगळा वर्ग पायऱ्यांवर बसलेला दिसला. आज क्लास नाही, काकूंनी सांगितलं, असं मुलं म्हणाली. मी वर जाऊन बघते तर आठही दोऱ्यांवर ओले कपडे. नाउनवर चादरी, व्हर्बवर साड्या, कंजंक्शनवर परकर. पुठ्ठे बादलीत भरून कोपऱ्यात ठेवलेले. सर एका ओल्या टॉवेलखाली खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या टकलावर थेंब पडत होते. काकू हातात फोन घेऊन मोठ्याने बोलत होत्या, “तारा, आय कम. यू वेट. आय कम.” पलीकडून पोर किंचाळत होती आणि या वेळी काकू नेमक्या जागी हसत होत्या. सरांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि ते मिटलं.

तिकीट मुग्धाने काढलं होतं. निघायच्या दिवशी मी टॅक्सीपर्यंत बॅग नेली. काकूंनी सरांना डबे कुठे, गॅसचं बटण कसं, औषध केव्हा ते सगळं सांगितलं, आणि दारातून निघताना आपल्याकडच्या बायका म्हणतात तेच म्हणाल्या, “येते हं.” जाते म्हणायची आपल्यात पद्धत नाही. सरांनी मान हलवली. टॅक्सीत बसल्यावर काकू माझा हात धरून म्हणाल्या, “वर एक काम करून आलेय. बघ त्यांना कळतं का.”

काय काम ते त्यांनी सांगितलं नाही. आठवड्याने मी सरांना आमटीचा डबा द्यायला गेले तेव्हा दिसलं. काकूंनी निघण्याआधी घातलेले कपडे कधीच वाळून कडक झाले होते, पण सरांनी ते काढले नव्हते. तसंच वाकून मी आत गेले. इंटरजेक्शनच्या दोरीवर, बनियनच्या शेजारी, पाच पुठ्ठे ओळीने लावलेले होते. आय. विल. नॉट. कम. सून. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या रंगाचा चिमटा.

“बघितलंस?” सर म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. “तिने लावलंय. आपण होऊन. पाचही शब्दांचे रंग बरोबर, अ‍ॅडव्हर्बसकट. एकही चूक नाही.”

मी डबा टेबलावर ठेवला. सरांची दाढी वाढली होती आणि सिंकमध्ये भांड्यांचा ढीग होता. मग ते जरा वेळाने, सहज विचारल्यासारखं म्हणाले, “येते म्हणून गेलीय ना. कधीपर्यंत येईल गं?”

मी दोरीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“सर,” मी म्हटलं, “अर्थात शिरायचं नाही.”

ते खूश झाले. आपली एक तरी विद्यार्थिनी तयार झाली असं त्यांना वाटलं असणार. शाब्बास म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. मग वाळलेल्या बनियनखाली वाकून त्यांनी ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत परत वाचली, बोट ठेवून, अगदी सावकाश, आणि या वेळी एकाही शब्दाची जात सांगितली नाही.